दुसरी जागा

जिपारचे सासरे एर्गेश वारल्याला वर्ष झालं, त्याचं जेवण दुपारी तीनपर्यंत आटोपलं. मुल्लाने कुराण वाचलं, खाणीतले उरलेले सात म्हातारे सोबती भिंतीला टेकून रस्सा प्याले, बायकांनी रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून गळा काढला, आणि मग आपापली पायताणं शोधत सगळे पांगले. मागे उरली ती घरचीच माणसं. घरची माणसं उरली की कुठला विषय निघणार, हे जिपारला सकाळी बोरसोकचे पिठाचे तुकडे तळतानाच ठाऊक होतं.

जिपार या घरची धाकटी सून. लग्नाला सहा वर्षं झाली होती. थोरल्या दिरासमोर सुनेने आवाज चढवायचा नाही, त्यांचं नाव घ्यायचं नाही आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे तिने इतकं अंगवळणी पाडून घेतलं होतं की त्याचा जाच वाटेनासा झाला होता. समोवारजवळची जागा तिची. तिथून सगळ्यांचे चेहरे दिसत. चहाचा पियाला अर्धाच भरायचा, म्हणजे माणूस पुन्हा मागतो आणि बसून राहतो. नोकरीही तिला तशीच मिळाली होती. केन-बुलाकच्या आरोग्य तपासणी केंद्रात ती किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र घेऊन फिरायची. यंत्र दाखवील तो आकडा वहीत लिहायचा आणि खाली सही करायची. आकड्याचा अर्थ लावायचं काम वरच्यांचं.

घर खालच्या गल्लीतलं शेवटचं. अंगणापुढे ओढा आणि ओढ्यापलीकडे सात नंबर. युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला गाळ सोव्हिएत काळात तिथे ओतून वर माती टाकली होती. आता त्यावर चांगलं गवत वाढायचं. असे बावीस ढीग केन-बुलाकच्या आसपास होते, पण सात नंबरचा पाय नदीत होता. दर वसंतात वरचा डोंगर सुटायचा, नदी तुंबायची आणि त्या पायाचा थोडा थोडा घास घ्यायची. म्हणून तो ढीग हलवायचं ठरलं होतं. बाहेरच्या देशांनी मदत दिली होती, राजधानीत समिती नेमली गेली होती आणि त्या समितीवर केन-बुलाकचा माणूस म्हणून जिपारचा थोरला दीर सातिबाल्दी होता.

ढीग जायचा होता तेरेक-जिल्गाच्या दरीत. तेरेक-जिल्गा म्हणजे अकरा घरं, सातशे मेंढ्या आणि एक झरा. त्या अकरांपैकी एक घर अनारकुलचं. अनारकुल ही सातिबाल्दीची पाठची बहीण. तिचा नवरा इशेन तिथल्या कुरण समितीचा प्रमुख होता. समितीचा शिक्का त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात असायचा, आणि त्या शिक्क्याशिवाय कागद पुढे सरकत नव्हता. राजधानीची माणसं सोमवारी येणार होती. आज गुरुवार.

मांसाची वाटणी नूरगाझीने केली. जिपारचा नवरा घरातला धाकटा, त्यामुळे सुरी त्याच्या हातात. मानाचं हाड त्याने आईपुढे ठेवलं, दुसरं थोरल्या भावापुढे, आणि छातीचा भाग रीतीप्रमाणे बहीण-मेव्हण्यापुढे. सातिबाल्दीने आपल्या हाडावरचं जास्तीचं मांस कापून इशेनच्या ताटात सरकवलं. सगळ्यांनी ते पाहिलं.

"आके, इतकं नका देऊ," अनारकुल थोरल्या भावाला म्हणाली. "एवढं खाऊन हा इथेच झोपेल आणि मग तुमचं काम राहील."

तिची जीभ लहानपणापासून अशीच. इशेन हसला नाही. तो मांस चावत राहिला.

मग सातिबाल्दीने विषय काढला. तो चांगलं बोलायचा. आवाज न चढवता त्याने सगळं मांडलं. दोन वर्षांपूर्वी डोंगर सुटला तेव्हा नदी ढिगाच्या किती जवळ आली होती, ते सांगितलं. पुन्हा तसं झालं तर गाळ खाली खोऱ्यात जाईल. तिथे भातशेती आहे, लाखो माणसं तेच पाणी पितात. हे खोटं नव्हतं. जिपारने स्वतः त्या वसंतात नदीकाठी आकडे घेतले होते. तेरेक-जिल्गाला डांबरी रस्ता मिळेल, पाण्याची नळयोजना येईल, शाळेला नवं छप्पर पडेल. ढीग काही उघडा टाकणार नाहीत, खाली चिकणमातीचा थर, वर काँक्रीट. "बाबांनी तीस वर्षं हे जमिनीतून बाहेर काढलं," तो म्हणाला, "आता आपण ते नीट पुरून ठेवतोय. एवढंच."

"नळ कशाला?" अनारकुलने विचारलं. "आम्हाला झरा आहे."

सातिबाल्दीने तिच्याकडे पाहिलं आणि पियाला पुढे केला. जिपारने तो भरला.

"झरा आहे तर नळ कशाला देताय, आके? काहीतरी होणार म्हणूनच ना?"

बोलणं वाढलं. सुरुवातीला नूरगाझी बहिणीच्या बाजूने होता. ज्यांना कधी खाणीत नोकरी मिळाली नाही, पगार मिळाला नाही, वस्तीला वीजसुद्धा वीस वर्षं उशिरा आली, त्यांच्याच डोक्यावर शेवटी हा माल का, असं तो म्हणाला. सातिबाल्दीने त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. मग अगदी सहज, जिपारकडे न पाहता, विचारलं, "सुनेला कितवा महिना?"

पाचवा होता. याआधीची दोन मुलं पोटातच गेली होती. त्याविषयी या घरात कुणी बोलत नसे.

 थोड्या वेळाने नूरगाझी जमिनीकडे बघत म्हणाला की ढीग तर जायलाच हवा, कुठेतरी जायलाच हवा. अनारकुलने त्याच्याकडे पाहिलं. त्याला लहानपणी तिनेच कडेवर घेऊन वाढवलं होतं. छातीचं मांस तिने पुढे सारून दिलं आणि पुन्हा हात लावला नाही.

म्हातारी आसिलकान, या सगळ्यांची आई, गादीवर बसून माळ ओढत होती. तिला कमी ऐकू येई. निदान सगळे तसं धरून चालत.

इशेनने पहिल्यांदा तोंड उघडलं. तो मेंढपाळ. वाक्य सुरू करायच्या आधी ते आतल्या आत एकदा म्हणून बघायचा. त्याने विचारलं, दुसरी जागा पाहिली होती का? दोन वर्षांपूर्वी शरदात मोजणी करणारे लोक आले होते. त्यांच्या गाड्या तेरेक-जिल्गातून निघाल्या आणि ताश-दोबोकडे वळल्या, हे त्याने वरून मेंढ्या राखताना पाहिलं होतं.

ताश-दोबो म्हणजे गावाच्या वरच्या अंगाची खडकाळ टेकडी. तिच्या पायथ्याशी मोठ्या माणसांच्या बागा आणि उन्हाळी घरं होती. न्यायाधीश, जुन्या कारखान्याचे दोन संचालक, राजधानीतल्या कुणा साहेबांचे सासरे. सगळ्यांत लहान बाग सातिबाल्दीची. घरातल्या सगळ्यांनी तिथले जर्दाळू खाल्ले होते.

"नुसती नजर टाकली होती," सातिबाल्दी म्हणाला. "जागा कामाची नव्हती. मोजणी झालीच नाही."

"झाली नाही?"

"नाही म्हटलं ना. विश्वास नसेल तर हिला विचार. ही होती त्यांच्याबरोबर." त्याने हनुवटीने समोवारकडे खूण केली. "विचार."

त्याने हे का केलं, याचा जिपारने पुढे बराच विचार केला. त्याला खात्री होती की ती मान हलवील. सहा वर्षांत तिने दुसरं काही केलं नव्हतं. शिवाय ढीग हलणं कुणाच्या फायद्याचं असेल तर पहिल्यांदा तिच्या, हेही त्याला माहीत होतं. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. मान खाली घातली असती तर संध्याकाळपर्यंत शिक्का उमटला असता, दोन वर्षांत समोरचा ढीग गेला असता आणि तिचं मूल मोकळ्या ओढ्याकाठी खेळलं असतं. हे सगळं तिने एका दमात पाहिलं. किटलीतून चहा पियाल्याबाहेर सांडला, तो तिने फडक्याने पुसला.

"ताश-दोबोला नऊ बोअर घेतले," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खालचा होता, त्यामुळे सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "तीन दिवस लागले. साठ मीटरपर्यंत पाणी लागलं नाही. खाली चिकणमाती, तिच्याखाली अखंड खडक. तेरेक-जिल्गाला चार घेतले. दोन ठिकाणी चार मीटरवर पाणी होतं. ते झऱ्याचंच पाणी."

इशेनने हातातलं हाड ताटात ठेवलं.

"माझ्या वहीत आहे," ती म्हणाली. "अहवालात एकच जागा आली. वही कुणी मागितली नाही."

"आणि तू दोन वर्षं बोलली नाहीस," अनारकुल म्हणाली. तिच्या बोलण्यात राग होता की नुसतं आश्चर्य, ते कळलं नाही.

"नाही, एजे. बोलले नाही."

 तिने दुसरी किटली चढवली.

इशेनने ओठ पुसले, कोटाचं बटण लावलं आणि खिशावरून एकदा हात फिरवला. तेवढ्याने त्याचं उत्तर झालं. नूरगाझी बायकोकडे पाहत होता. या नजरेने त्याने तिच्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं. परक्या बाईकडे पाहावं तसं.

सातिबाल्दीचा चेहरा उतरला, पण आवाज तसाच राहिला. बोअरचे आकडे सगळं सांगत नाहीत, रस्त्याचा खर्च असतो, इतर गोष्टी असतात, असं तो म्हणाला. मी सही केली नसती तर दुसऱ्या कुणी केली असती, आणि मग तेरेक-जिल्गाला रस्तासुद्धा मिळाला नसता. वरच्यांना ताश-दोबोचं नाव कागदावर नकोच होतं. भांडून काय झालं असतं? सगळंच काम थांबलं असतं. मग खालच्या गल्लीनेच अजून दहा वर्षं काढली असती.

"तुला माहीत होतं," आसिलकान म्हणाली.

माळ थांबली होती. सगळे तिच्याकडे वळले.

"आपा, तुम्हाला हे कळायचं नाही..."

"मला एवढंच सांग. माहीत होतं?"

सातिबाल्दी बावन्न वर्षांचा होता. त्याच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती. म्हणून जन्मल्याबरोबर त्याला शेजारणीकडे देऊन खिडकीतून परत विकत घेतलं होतं आणि नावही तसंच, 'विकत घेतला' अशा अर्थाचं, ठेवलं होतं. घरात त्याला कुणी कधी दुखावलं नव्हतं.

"होतं," तो म्हणाला.

म्हातारीने मान हलवली. उठताना घरातल्या मोठ्याने तळवे उघडून आशीर्वाद द्यायचा आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवायचे, तेव्हाच माणसं निरोप घेतात. सातिबाल्दी टोपी घेऊन उभा राहिला आणि थांबला. आईचे हात मांडीवरच होते. तिने अनारकुलला जवळ बोलावलं, तिच्या कपाळाला ओठ लावले. इशेनला वाटेत नीट जा म्हणाली. थोरल्याकडे तिने पाहिलं, पण हात उघडले नाहीत. तो दारात थोडा वेळ उभा राहिला आणि मग गेला. त्याच्या गाडीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

त्यानंतरचे तीन दिवस नूरगाझी जिपारशी बोलला नाही. जेवण मागताना आईमार्फत मागायचा. रविवारी संध्याकाळी आईने बाहेरच्या खोलीतून सांगितलं, की मला भूक लागली तर मी मागेन, पण निरोप पोचवायला मी काही टपालखात्यात नाही. तेव्हा तो दोनच शब्द बोलला, "मीठ दे."

वही जिपारने पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. सोमवारी सकाळी कामाचा पांढरा कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून, ती समितीच्या बैठकीला क्लबच्या सभागृहात गेली. केंद्राच्या साहेबांनी तिला दारात पाहिलं आणि आज तुझी ड्यूटी इथे नाही असं सांगितलं. माहीत आहे, असं ती म्हणाली आणि मागच्या बाकावर बसली.

समितीच्या अध्यक्ष राजधानीतल्या बाई होत्या. इंजिनियर, पिकलेले केस कापलेले, चष्मा दोरीला. इशेनला पुढे बोलावलं तेव्हा त्याने टोपी काढली आणि सांगितलं की कुरण समितीचा शिक्का मिळणार नाही. का, म्हणून विचारल्यावर तो म्हणाला, "ते मागे बसलेल्या बाई सांगतील."

जिपार उभी राहिली. आकडे पाठ होते, तरी तिने वही उघडली. तिने बोअर एक ते तेरा वाचून दाखवले. तारीख, खोली, पाणी, थर. अर्थ लावला नाही. वाचून झाल्यावर केंद्राचे साहेब उठले. ही मदतनीस आहे, हिला अहवाल वाचायचा अधिकार नाही, खासगी वही ग्राह्य धरता येत नाही, असं त्यांनी सांगितलं.

अध्यक्ष बाईंनी चष्मा लावला. "तुम्ही तेरेक-जिल्गाच्या का?"

"नाही. मी खालच्या गल्लीत राहते. सात नंबरसमोर."

"मग ढीग हलावा असं तुम्हाला वाटत नाही?"

"वाटतं," जिपार म्हणाली. "रोज सकाळी खिडकी उघडली की वाटतं. पण त्यांच्या पिण्याच्या पाण्यात नको."

सभागृहात कुजबुज झाली. बाईंनी समितीच्या सदस्यांकडे वळून विचारलं, दुसऱ्या जागेची मोजणी झाली होती का?  नगराध्यक्ष खिडकीबाहेर पाहत होते. सातिबाल्दी टेबलाच्या टोकाला बसला होता. त्याने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"झाली होती," तो म्हणाला. "मूळ कागद नगरपालिकेच्या लोखंडी कपाटात आहेत. किल्ली माझ्याकडे आहे."

एवढंच. पुढे त्याने ना सफाई दिली ना जिपारकडे पाहिलं. पण किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली, आणि नगराध्यक्षांनी त्या किल्लीकडे असं पाहिलं, जणू ती आत्ता उचलून गिळून टाकावी.

निकाल लागला तो असा. तेरेक-जिल्गाचं नाव कागदावरून निघालं. ताश-दोबोची नव्याने मोजणी करायचं ठरलं. नव्याने म्हणजे नवे ठेकेदार, नवी मंजुरी, नवी पत्रं. बागांच्या मालकांनी महिन्याभरात वकील उभा केला. सातिबाल्दीला समितीवरून काढलं नाही, पण पुढच्या बैठकीचं बोलावणं त्याला आलं नाही, आणि नगरपालिकेत त्याचं टेबल तळमजल्यावर, जन्ममृत्यूच्या खिडकीशेजारी गेलं. केंद्राच्या साहेबांनी जिपारला बोलावून अगदी गोड आवाजात बाळंतपणाची रजा लवकर घ्यायला सांगितलं. यंत्र आणि कोट तिने टेबलावर ठेवला. वही ठेवली नाही. ती तिने स्वतःच्या पैशाने घेतली होती.

अनारकुल दर शुक्रवारी इशेनच्या ट्रकमधून झऱ्याचं पाणी पाठवू लागली. दुधाचे दोन मोठे कॅन, झाकणाला कापड बांधलेलं. बरोबर निरोप असायचा, कधी शिवी असायची. हे पाणी सुनेने प्यायचं, चहासाठी वाया घालवायचं नाही, आणि नूरगाझीने त्या पाण्याने पाय धुतले असं कळलं तर ती स्वतः खाली येईल.

फेब्रुवारीच्या शेवटी नदीकाठचं बर्फ काळं पडू लागलं. एका संध्याकाळी नूरगाझी समोवारजवळ येऊन बसला. ती त्याची जागा नव्हती.

"किती वर्षं लागतील?" त्याने विचारलं.

"तीन. वकिलाने फार ताणलं नाही तर."

"म्हणजे तोपर्यंत ते चालायला लागलेलं असेल."

"हो."

"ओढ्याकडे जाईल."

"मुलं जातातच."

"तू मान हलवली असतीस तर..." तो म्हणाला आणि थांबला. "मला राग येतो, जिपार. अजून येतो."

"मलाही येतो," ती म्हणाली. चारचौघांत ती त्याला तुम्ही म्हणायची, एकटे असले की तू. "तुझ्यावर नाही. पण येतो."

तो बराच वेळ बसून राहिला. तिने पियाला अर्धा भरून दिला, तो त्याने रिकामा केला, पुन्हा मागितला.

दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून तार आणि बारा लाकडी खांब आणले आणि ओढ्याच्या काठाने कुंपणासाठी खड्डे खणायला घेतले. जमीन वरून भुसभुशीत, खाली गोठलेली होती. दुपारपर्यंत सहा खांब उभे राहिले. जिपार पोटावर हात धरून बाहेर आली आणि खांबांच्या रांगेकडे पाहत राहिली. आता तिच्याकडे यंत्र नव्हतं. पण चार वर्षं दर महिन्याला त्या काठाने तीच फिरली होती, आणि कुठल्या दगडापाशी काटा कुठे जातो ते तिला पाठ होतं.

"आत घे," ती म्हणाली.

"किती?"

ती चालत आली, मातीकडे पाहिलं, दोन पावलं घराकडे मागे सरकली आणि टाचेने खूण केली. "इथे. आणि कोपऱ्यात अजून एक पाऊल."

नूरगाझीने खूण पाहिली. मग घर आणि ती खूण यांच्यामध्ये उरलेलं अंगण पाहिलं.  पहार घेऊन त्याने पहिला खांब हलवून सैल केला, उपटला आणि आतल्या बाजूला नवीन खड्डा खणायला लागला.